अनुकंपेची साडी

दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, नांदेडमधल्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला. वेळ मला पक्की माहीत आहे. मी बाहेरच्या बाकावर समोरच्या घड्याळाकडं बघत बसले होते, आणि दाराला फक्त पडदा होता.

अक्काचा नवरा त्याच संस्थेच्या कॉलेजात क्लार्क होता. कावीळ झाली, पंधरा दिवसांत गेला. अशा वेळी घरातल्या एकाला अनुकंपेवर घेतात. अक्का बी.ए. आहे, टायपिंगच्या मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा पास आहे. अर्धापूरला सासर, दोन लेकरं. ही जागा मिळाली तर ती नांदेडला खोली करून लेकरं शिकवणार होती. नाही मिळाली तर जन्मभर दिराच्या घरात, दिराच्या मर्जीवर.

मी लातूरला राहते. तिथं क्लाससाठी, नोकरीसाठी आलेल्या मुलींकरता आमची संघटना पत्रकं काढते. ‘मुलाखतीला जाताना’ हे पत्रक माझं. फार तोऱ्यात लिहिलं होतं. चकचकीत नको, चुरगळलेलं नको. सुती आणि इस्त्रीचं घाला. बांगड्या वाजू नयेत, पदर सारखा सावरावा लागू नये. आणि शेवटी: कपडे असे निवडा की समोरच्याला तुम्ही आधीच त्या खुर्चीत बसलेल्या दिसाल.

मुलाखतीच्या चार दिवस आधी मी अर्धापूरला गेले. अक्काच्या सासूनं बाजेवर दोन जुन्या साड्या काढून ठेवल्या होत्या.

“ही नेस. काठ विरल्यात, बरं दिसंल.”

“बरं म्हणजे काय, मावशी?”

“दया येईल त्यास्नी. अनुकंपा मागायला चालली ती, दुकानाच्या उद्घाटनाला न्हाई.”

“भीक न्हाई ही. हक्क हाय तिचा.”

“तुझ्या लातूरच्या कागदावर असंल. हितं खुर्चीवर माणसं बसत्यात, शहाणे, कागद न्हाई बसत.”

मी ऐकलं नाही. अक्काला नांदेडला नेलं आणि राखाडी-निळी सुती साडी घेतली, बोटभर काठाची. हिरवी नको, लाल नको, एवढं तर मलाही कळत होतं. ब्लाऊज कोपरापर्यंत बाह्यांचा, कॉलरचा. शिवणाऱ्या आपांनी कॉलरमध्ये कॅनव्हास घातलं. “कॉलर खडी तो गर्दन खडी, बाजी,” म्हणाल्या. अक्का आरशासमोर उभी राहिली. नवरा गेल्यापासून ती आरशात फक्त भांग पाडायला बघायची.

“बँकेतल्या मॅडमसारखी दिसून राहिले गं मी.”

“दिस की मग.”

मुलाखतीच्या सकाळी तिच्या कपाळावर बारीकशी काळी टिकली मी लावली. काढायला तिचा हात वर गेला, तो मी धरला. हे लिहून ठेवायला हवं, कारण नंतर महिनाभर मी सांगत फिरले की माझी काहीच चूक नव्हती.

आत संस्थेचे चौघे मुलाखत घ्यायला बसले होते. पडद्याआडून ऐकू आलं ते असं.

“बसा ताई. आज मुलाखत आहे का हळदीकुंकू?”

तिघं हसले. चौथा खोकला.

“साहेब, माझी टायपिंगची परीक्षा घ्या.” अक्काचा आवाज सरळ होता.

“घेऊ की. पण अनुकंपा म्हणजे बघणाऱ्याला अनुकंपा वाटली पाहिजे ना? तुमच्याकडं बघून वाटतंय, मीच तुमच्याकडं अर्ज करावा!”

पुन्हा हसणं. मग, “घरचं बरं दिसतंय. बघू, कळवू.”

चार मिनिटं. सर्टिफिकिटांची फाईल जशी बांधून नेली तशीच बाहेर आली. मी गेटवर घोषणा देणारी, कलेक्टर ऑफिससमोर माईक धरणारी. पडदा बाजूला केला नाही. तिची नोकरी जाईल म्हणून गप्प बसले, आणि ती तशीही गेली.

परतीच्या एसटीत अक्कानं टिकली काढून समोरच्या सीटच्या पाठीला चिकटवली. अर्धापूर येईतो एकच बोलली, “तू पोरींसाठी लिवलंस गं. माझ्यासारखीसाठी न्हाई लिवलंस.”

महिन्याभरानं पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मला कुणी विचारलं नाही. सासूनं काढलेली विरलेली साडी, मोकळं कपाळ, हातात घड्याळही नाही, दोन्ही बाजूंना लेकरं. “रडायला काही करावं लागलं न्हाई,” अक्का फोनवर म्हणाली. “आपोआपच आलं.” त्याच दिवशी तिला घेतलं.

क्लार्क म्हणून नाही, शिपाई म्हणून. क्लार्कच्या जागेवर एक पोरगा बसवला आहे, दोन बोटांनी टाइप करतो. त्याची पत्रं अक्का एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेते. नेता नेता चुका दिसतात. तशीच नेऊन ठेवते. त्या पगारात नांदेडला खोली परवडत नाही, म्हणून ती अजून दिराच्याच घरात आहे.

एकदा ती इस्त्रीची साडी नेसून गेली. हेडक्लार्क म्हणाला, “काय ताई, पगार अंगी लागला वाटतं.” तेव्हापासून नवी साडी घेतली की अक्का ती आधी धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवते. रंग पुरेसा उतरला की मग कामावर नेसते.

मी ते पत्रक मागं घेतलं. नवं लिहायला बसले, पण बाईनं काय घालावं याची एकही ओळ लिहावीशी वाटेना. टेबलाच्या त्या बाजूला काय बसलंय ते ठाऊक असताना या बाजूला कॉलर शिकवायची? म्हणून हे तुमच्यासाठी.

शाळेत, पतपेढीत, संस्थेत तुम्ही मुलाखती घेत असाल, तर पुढच्या बाईच्या कपाळाकडं बघू नका. फाईल उघडा. कॉम्प्युटर तिच्यापुढं सरकवा आणि गप्प बसा. मुलाखती घेत नसाल तरी सुटका नाही. तुमच्याही ऑफिसात अनुकंपेवर लागलेली, पाणी देणारी एखादी बाई असेल. उद्या तिच्या हातून ग्लास घेण्याआधी विचारा, ताई, तुमचं शिक्षण किती? आणि ती जे सांगेल ते साहेबाला कळवा. तोंडी नाही. लेखी, खाली तुमची सही करून.