जत्रेला नेलेली लेक

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून मुलींचं बालगृह आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची गॅलरी दिसते. रोज सकाळी तिथे अंबुबाई तेलाची बाटली घेऊन बसायच्या आणि एकेका मुलीला पुढ्यात ओढून वेण्या घालायच्या. कुणी हललं की डोक्यात टपली. "आगं, नीट बस की! वाकडा भांग घिऊन साळंत जाशील, बाई म्हनतील हिला कुनी न्हाईच."

अंबुबाई तिथल्या काळजीवाहिका. माहेर निघोज्याचं. नवरा चाकणच्या एका कंपनीत हेल्पर होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. बालगृहातल्या सगळ्याच पोरी त्यांना मावशी म्हणत, पण सात वर्षांची दिव्या त्यांच्या पदराला धरूनच असायची. तिची आई वारली होती, बाप दिलेल्या पत्त्यावर कधी सापडला नव्हता.

एकदा तपासणी आली. तपासणीच्या दिवशी तिथे ठेवणीतल्या चादरी बाहेर निघत आणि मुलींना 'सगळं छान आहे' म्हणायला शिकवलेलं असे. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कार्यालयातल्या मोनिका मॅडम सगळं बघून निघाल्या, तेव्हा अंबुबाई जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. "म्याडम, चादरी बघितल्या, आता पोरींचं हात बघा." तिथला कारकून मोठ्या मुलींना सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरी नेऊन भांडी-फरशी करून घेत होता. तो गेला, वरचे अधिकारीही बदलले, आणि नियम आला: बालकल्याण समितीच्या लेखी परवानगीशिवाय एकाही मुलीनं फाटक ओलांडायचं नाही, कर्मचाऱ्यांबरोबरसुद्धा नाही. "लई चांगलं झालं," अंबुबाई मला भिंतीवरून म्हणाल्या होत्या.

त्यानंतरच्या चैत्रात त्यांचा भाऊ गेनबा मोटारसायकल घेऊन फाटकाशी आला. निघोज्याच्या यात्रेला तो दरवर्षी बहिणीला न्यायला यायचा. दिव्यानं विचारलं, "मावशी, हे कोण?"

"माजा भाऊ. मुराळी आलाय. यात्रंला लेकीला घरी न्याया मुराळी येतो."

"मग मला कोण येतो?"

अंबुबाईंनी पिशवी खाली ठेवली. अधीक्षिका पूनमताईंकडे गेल्या. अर्ज जाणार, समितीची बैठक होणार, तोवर यात्रा उरकून जाणार, हे दोघींनाही माहीत होतं. पूनमताई म्हणाल्या, "दिवस मावळायच्या आत आणा. आणि मावशी, मला यातलं काही माहीत नाही हं."

त्याच दुपारी न कळवता तपासणी आली. मुली मोजल्या, एक कमी.

पूनमताईंनी सांगितलं, मला काही माहीत नाही.

गेनबाची गाडी परत आली तेव्हा फाटकात पोलीस होते. आवाज ऐकून मीही खाली धावले. दिव्याच्या हातात हिरव्या बांगड्या, तोंडात रेवडी, गळ्यात पिपाणी. ती इतकी खुशीत होती, की पोलीसही यात्रेचेच वाटले असावेत तिला. मोनिका मॅडम तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. "बाळा, मावशीच्या घरी काय केलंस?"

"जेवले. पाळण्यात बसले."

"आणि काही काम?"

"हो!" दिव्यानं मान ताठ केली. "पाहुण्यांना ताटं वाढली. पाणी दिलं. आजी म्हणाल्या, लेकीनं वाढायचं असतं."

गेनबा पुढे झाला. "म्याडम, घरच्या पोरीनं वाढनं म्हंजी काम न्हाई वो! मान हाय त्यो!"

"मला कळतं, दादा." मॅडमच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. "त्या कारकुनानंही हेच सांगितलं होतं. घरच्यासारख्या राहतात, म्हणाला होता."

अंबुबाईंनी भावाचा हात मागे ओढला. "गप ऱ्हा, गेनबा. त्या बराबर बोलत्यात."

चौकशी झाली. अंबुबाईंना कामावरून काढलं आणि मुलीला भेटायची मनाई झाली. दिव्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत हलवलं. कुठल्या, ते सांगायचं नसतं. ती गेली त्या सकाळी गॅलरीत तिची वेणी पूनमताई घालत होत्या. भांग वाकडा होता. अंबुबाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. तिला दिसू नये म्हणून. हाक मारली असती तर पोरगी गाडीत बसली नसती.

आता आमच्याच इमारतीत एका अंथरुणाला खिळलेल्या आजींचं त्या करतात. मी एकदा तणतणले, "असले कसले नियम? माणूस बघायला नको?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वेणी घालताना हलणाऱ्या मुलीकडे बघत. "नियम माज्या सांगन्यानंच आला, ताई. माज्यापुरता तेवडा मोडा, आसं कोन्त्या तोंडानं सांगू? मी चांगली हाय हे मला ठाव. त्यान्ला कसं ठाव आसंल?"

तरी त्यांनी मला मोनिका मॅडमना एक फोन करायला लावला. फोन कुणासाठी आहे ते मॅडमनी ओळखलं. "मुलगी बरी आहे. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही." जरा थांबून म्हणाल्या, "त्यांना सांगा, मी स्वतः बघून आले."

"आन् यात्रंचं काय इचारती का?" अंबुबाई हळूच म्हणाल्या. तोवर फोन ठेवला गेला होता.

या चैत्रात गेनबा पुन्हा आला. अंबुबाई नको नको म्हणत होत्या. म्हातारी आई वाट बघतेय म्हणून कशाबशा तयार झाल्या. मी खाली सोडायला गेले. गेनबानं गाडी वळवली आणि मागच्या गॅलरीतून एकच गलका उठला. सगळ्या पोरी कठड्याला लोंबकळून ओरडत होत्या, "मुराळी आला! मुराळी आला!"

दिव्यानं जायच्या आधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, तो कुणाला न्यायला येतो ते.

अंबुबाईंनी वर बघितलं नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, भावाच्या मागे बसल्या आणि म्हणाल्या, "चल बाबा, बिगी."