कौसल्याबाईचा पहारा

पोलोग्राउंडजवळच्या मिलच्या चाळीत कुणी नवखा माणूस शिरला, की त्याला आधी कौसल्या वाकोडेच्या दारावरून जावं लागे, कारण तिची खोली पहिलीच होती. साबणाची स्कीम विकणारा असो, मतं मागणारा असो की फुकट डोळे तपासणारा असो, कौसल्या त्याला उंबऱ्याबाहेर उभा करी आणि विचारी, "आणि यात तुमचं काय?" बहुतेक जण आल्या पावली परत जात. चाळीत म्हणत, कौसल्याबाई दुधालाही विचारतील, बाबा रे, तू पांढरं का?

ती काही जन्मापासून अशी नव्हती. महूच्या फौजी बापाची ही लेक लग्न होऊन इंदूरला आली तेव्हा सासूला काळजी वाटे, की एवढ्या भोळ्या बाईचं या शहरात कसं व्हायचं. तिला बदललं ते एका फोटोने.

मिल आज बंद होणार, उद्या बंद होणार, अशा बातम्या रोज उठत होत्या तेव्हाची गोष्ट. एका दुपारी फाटकावर दोन माणसं आली. एकाजवळ कॅमेरा, दुसऱ्याजवळ पेढ्यांचे खोके. "अखबार में आपकी बात छपेगी," म्हणाले. पाळी सुटून बाहेर पडलेल्यांनी पेढे घेतले, त्यांचे फोटो निघाले. कौसल्याचा नवरा धोंडिबा त्यांत होता. सांचा खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, त्याने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. पुढच्या आठवड्यात फोटो छापून आला. धोंडिबा पेढा तोंडाशी धरून हसतो आहे, आणि खाली लिहिलेलं, मिल बंद करण्याच्या निर्णयाचं कामगारांकडून स्वागत.

मग फाटकाला कुलूप लागलं. मालक कुणाच्या नजरेला पडत नव्हता, पडत होता तो धोंडिबा. "पेढा खाऊन मिल विकली," असं चौकातल्या पोह्यांच्या गाडीवर कुणीतरी बोललं आणि ते त्याला चिकटलं. त्याने गाडीवर जाणं सोडलं, युनियनच्या सभा सोडल्या, पुढे विहारातही जाईना. एका गोदामावर रखवालीला जाई आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडे.

कौसल्या त्याच्यासाठी अख्ख्या चाळीशी भांडली. पण एक गोष्ट तिने कुणाजवळ काढली नाही. फोटोतलं ते हसू तिने फार वेळा पाहिलं होतं. फसलेला माणूस असा हसतो का? त्या लोकांनी पेढ्याबरोबर आणखी काही हातावर ठेवलं तर नसेल? नवऱ्याला हे विचारायला तिची जीभ रेटली नाही, आणि विचारलं नाही म्हणून ते आत रुतून बसलं.

अशी काही वर्षं गेली आणि एक दिवस शोभना आली.

शोभना सुदामा नगरात राहणारी, चित्रकला शिकलेली, तिशीची बाई. चाळीच्या हॉलमध्ये तिने दोन लहान हातमाग आणून बसवले. तिचं म्हणणं असं, की चाळीतल्या प्रत्येक घराने एखादा जुना कपडा आणायचा, फाडून त्याच्या चिंध्या करायच्या आणि मागावर वीतभर रुंदीची पट्टी विणायची. विणताना मनात जे येईल ते बोलायचं, ते ती टेप करणार. शेवटी सगळ्या पट्ट्या जोडून एक मोठं कापड होणार.

"आणि यात तुमचं काय?" कौसल्याने विचारलं.

शोभना मागाच्या दोऱ्या ताणत म्हणाली, "मला हे काम आवडतं, मावशी."

कौसल्याला हे मुळीच पटलं नाही. नुसतं आवडतं म्हणून कोण सुदामा नगराहून टेम्पो बदलत इथे येतं?

बाकीच्या बायका मात्र गेल्या. बंद मिलच्या भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं होतं. कौसल्याची मुलगी मैत्री साड्यांच्या दुकानात कामाला होती, तीही सुट्टीच्या दिवशी जाऊन बसू लागली. मग कौसल्याही गेली, पण विणायला नाही. हॉलच्या दाराशी तिने स्टूल टाकलं आणि कोण येतं, कोण जातं, शोभना झोळीत काय घालते, ते बघत राहिली.

"आई, तू काय पहारा देऊन राहिलीस?" मैत्रीने विचारलं.

"कुणीतरी द्यायला पाहिजे की नाही."

मैत्रीने बापाचा मिलमधला खाकी शर्ट फाडून आणला होता. धोटा इकडून तिकडे सरकवत ती बोलायला लागली, "आमचे बाबा घरात असतात, पण त्यांचा आवाज नसतो. मी शाळेत होते तेव्हापासून मला..." एवढ्यात कौसल्या उठली आणि तिने टेपचं बटण दाबून तो बंद केला.

"घरच्या गोष्टी डब्यात भरायच्या नाहीत."

शोभनाने वाद घातला नाही. कॅसेट काढून तिच्या हातात दिली. कौसल्या ती पदराखाली घेऊन घरी आली आणि तिला नवाच घोर लागला. इतक्या सहज देते, म्हणजे हिच्याकडे दुसरी असणार.

पट्ट्या जोडून होत आल्या तेव्हा हॉलसमोर एक पांढरी मोटार थांबली. उदयसिंह नावाचे कुणी गृहस्थ उतरले. त्यांनी कापडाचा पोत बघितला नाही, रंग बघितला नाही, बरोबरच्या माणसाला लांबी-रुंदी मापायला लावली. "दीवार पे पूरा आ जाएगा," ते म्हणाले. शोभना त्यांना घाईघाईने बाहेर घेऊन गेली.

"कोण होते?" कौसल्याने विचारलं.

"ओळखीचे आहेत."

"कुठली दीवार?"

"ते अजून ठरायचंय, मावशी." एवढं बोलून शोभना उगाचच सुटलेले धागे आवरायला लागली.

दुसऱ्या दिवशी कौसल्याने धुतलेलं लुगडं नेसलं आणि सुदामा नगर गाठलं. घर विचारत विचारत सापडलं. शोभना बाहेर गेली होती. तिची आई, सुलोचनाबाई, हिने या अनोळखी बाईला आत बसवलं, चहा-शेव पुढे केली आणि मुलीच्या कामाविषयी कुणी आपणहून विचारतंय याचा तिला इतका आनंद झाला, की काही लपवायचं असतं हे तिच्या गावीही नव्हतं.

"उदयसिंहजींनी भिंत दिली ना," ती म्हणाली. "तुमच्या मिलच्या जागेवर ते मोठं मार्केट बांधताहेत, त्याच्या दाराशी लागणार कापड. उद्घाटनाला मोठमोठे लोक यायचेत."

कौसल्याने चहाचा कप खाली ठेवला. तिला राग आला, पण त्याहून जास्त तिला हायसं वाटलं. एवढ्या दिवसांचा आपला संशय वेडा नव्हता.

घरी येऊन तिने भिंतीकडे तोंड केलेल्या नवऱ्याच्या पाठीला सगळं सांगितलं. मग चाळीतही दारोदार सांगून आली.

कापड न्यायला उदयसिंह आले त्या दिवशी हॉल भरलेला होता. कौसल्या स्टुलावरून उठून पुढे झाली.

"साहेब, इसके नीचे क्या लिखोगे?"

उदयसिंह मोकळेपणाने हसले. "कुछ अच्छा सा लिखवाएँगे, बहनजी. नए इंदौर को मज़दूरों की भेंट."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कौसल्या शोभनाकडे वळली. "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"भिंत ठाऊक होती. खालची ओळ नव्हती," शोभना म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "मी सगळीकडे विचारून आले, मावशी. दुसऱ्या कुणी भिंत दिली नाही. मला वाटलं, निदान लोक बघतील तरी. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही कुणीच आला नसता."

"म्हणून सांगितलं नाही."

"हो."

सगळ्यांना वाटलं, आता बायका एकजात कौसल्याच्या बाजूने उभ्या राहणार. पण मैत्रीच पुढे आली. "लागू दे ना, आई. मिलवाल्यांनी बाबांना फाटकातून परत आत घेतलं नाही. हे कापड तरी आत जाऊ दे. ओळ काहीही असो, बोट तर माझं लागलंय त्याला." दोघीतिघींनी माना डोलावल्या. एक म्हणाली, कौसल्याबाईंना सगळीकडे भूतच दिसतं.

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली. धोंडिबा आला होता. माणसांच्या घोळक्यात त्याला इतक्या वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"तो फोटो निघाला ना," तो म्हणाला, "त्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भूक लागली होती. पेढा चांगला होता, म्हणून हसलो. एवढंच होतं ते. पण खाली लिहिणाऱ्याने लिहिलं, आणि माझं हसू त्याचं झालं." त्याने कापडाकडे बोट केलं. "तुमचं तुम्ही ठरवा. मी माझं काय झालं ते सांगितलं."

आणि तो तसाच वळून निघून गेला. कुणी त्याला थांबवलं नाही. पोह्याच्या गाडीवर त्याची चेष्टा करणाऱ्यांपैकी दोघे तिथेच होते, ते आपल्या चपलांकडे बघत राहिले.

उदयसिंहांनी समजूत घातली, ओळ बदलू म्हणाले. पण आता कौसल्याला बोलावंच लागलं नाही. ज्या बाईने तिला भूत दिसतं म्हटलं होतं तिनेच इंदुरी ठसक्यात विचारलं, "बदललेली ओळ पण तुम्हीच लिहिणार ना, भिया?" मोटार रिकामीच परत गेली.

ते कापड हॉलमध्येच टांगलं. भिंत बुटकी, त्यामुळे खालचा भाग जमिनीवर पसरला. पुढच्या रविवारी ते बघायला बरीच माणसं आली, बरीच आली नाहीत. वर्तमानपत्रात एक ओळसुद्धा आली नाही. शोभनाच्या हातून एक मोठं काम गेलं आणि त्याचं दुःख तिने लपवलं नाही. मैत्री आईशी कितीतरी दिवस नीट बोलली नाही. "तुझ्या संशयापायी आम्ही कुठेच दिसणार नाही," असं तिने तोंडावर सांगितलं, आणि मुलीचंही काही चूक नव्हतं.

त्या रविवारी संध्याकाळी धोंडिबा ओट्यावर बसला होता. कौसल्या तांदूळ निवडत शेजारी बसली.

"मलाही वाटलं होतं," ती म्हणाली, "की तुम्ही काहीतरी घेतलं असेल."

"मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंच नाहीस कधी." तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण ती गोष्ट तिला रागापेक्षा जास्त लागली. तांदळातला खडा तिच्या बोटांखाली होता, तरी तिला तो दिसेना.

पुढे मार्केट उभं राहिलं. मैत्रीला तिथल्याच एका दुकानात नोकरी लागली. शोभना काही महिन्यांनी परत आली, या वेळी दुसऱ्या एका बंद मिलच्या वस्तीत काम करायचं होतं. ती आधी कौसल्याकडे आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि कोण जागा देणार, कोण काय मागतंय, सगळं सुरुवातीपासून सांगितलं. कौसल्याने पुरतं ऐकून घेतलं. तिचा विश्वास पूर्ण बसला असं नाही. पण ती पायात चपला घालून तिच्याबरोबर निघाली, आणि निघताना धोंडिबाला म्हणाली, "तुम्हीही चला. दोघं असलेलं बरं."