पेटवला की पेटवलं

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि मी तिला धरून दिल्लीतल्या सरकारी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये हळूहळू चालवत होते. "पाय उचलून टाक गं, घासत नको नेऊस," असं काहीतरी मी म्हणाले असेन. मागून एक सिस्टर जवळजवळ पळतच आली. "आप मराठी हैं ना? ज़रा साथ चलिए. एक पेशंट है, किसी को समझ नहीं आ रहा क्या बोल रही है."

आईला बाकावर बसवून मी तिच्यामागे गेले. ती बर्न्स वॉर्डकडे, भाजलेल्यांच्या वॉर्डकडे वळली, पण तोवर नाही म्हणायची वेळ निघून गेली होती.

आत एक तरुण बाई होती. कँटोन्मेंटमधल्या एका जवानाची बायको, साताऱ्याकडच्या खेड्यातली. नवऱ्याला फॅमिली क्वार्टर मिळालं म्हणून त्याच हिवाळ्यात दिल्लीला आली होती. हिंदी येत नव्हती. जबाब घ्यायला एसडीएमसाहेब, म्हणजे दंडाधिकारी, येऊन बसले होते. नवऱ्याच्या पलटणीतले मराठी जवान बाहेरच उभे होते, पण ते त्याचेच दोस्त, त्यांना आत घेणं बरोबर दिसलं नसतं. म्हणून कोणीतरी तिऱ्हाईत मराठी माणूस हवा होता, आणि ती मी निघाले. नुकती नोकरीला लागलेली, मयूर विहारच्या सोसायटीत वाढलेली, शाळेत दुपारभर हिंदी आणि घरी आल्यावर मराठी बोलणारी मुलगी.

डॉक्टरांनी ती शुद्धीवर असल्याचं लिहून दिलं. साहेब म्हणाले, "पूछिए, क्या हुआ."

मी वाकले. "ताई, काय झालं?"

तिचे ओठ सुजले होते. "ष्टो…" ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "ह्यांनी पेटवलं."

निदान मी तेव्हा तसं ऐकलं. मी वळून सांगितलं, "कह रही हैं, पति ने जलाया."

साहेबांनी पेन थांबवलं. "इनको जलाया?"

मी पुन्हा वाकले. "तुम्हाला पेटवलं का?"

तिनं मान हलवली. मी म्हणाले, "हां."

त्यांनी हिंदीत लिहून घेतलं, की स्टोव्हजवळ माझ्या पतीनं मला जाळलं. तिच्या पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला, कारण हात घेण्यासारखे नव्हते. खाली दुभाषी म्हणून माझी सही. मी निघताना तिनं विचारलं, "पोरगी कुणापाशी हाय?" मला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "आहे बाहेर. छान आहे." दुसऱ्या दिवशी ती गेल्याचं त्याच सिस्टरनं मला जिन्यात सांगितलं.

त्यानंतर कित्येक महिने मला आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटत होतं. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, बरं झालं तू होतीस, नाहीतर बिचारीचं म्हणणं तिच्याबरोबरच गेलं असतं.

सेशन्स कोर्टात माझी साक्ष झाली तेव्हा मी नवी साडी नेसून गेले होते. सरकारी वकिलांनी कागद दाखवला. ही सही तुमची? जी. तिनं सांगितलं तेच तुम्ही सांगितलंत? जी. बचावाच्या वकिलानं विचारलं की पोलिसात कोणी नातेवाईक आहे का. नाही म्हटल्यावर तो खाली बसला. तिनं मराठीत नेमकं काय म्हटलं होतं, हे कोणीच विचारलं नाही आणि मलाही ते सांगावंसं वाटलं नाही.

आरोपीच्या पिंजऱ्यात तिचा नवरा उभा होता. दोन्ही हातांवर जळल्याचे व्रण. तो एकाएकी मराठीत म्हणाला, "ताई, ती काय बोलली वो? तिचं शब्द सांगा की मला."

जज्जसाहेबांनी त्याला गप्प केलं. बाहेर आल्यावर मी एका हवालदाराला त्या व्रणांबद्दल विचारलं. तो म्हणाला, विझवताना पण भाजतात आणि पेटवताना पण भाजतात, मॅडम. त्याला जन्मठेप झाली. नोकरी तर आधीच गेली होती.

मधल्या वर्षांत माझ्या आयुष्यात बरंच काही घडलं. आमची कंपनी कॅनॉट प्लेस सोडून गुडगावला गेली. मोहरीच्या शेतांतून एकेक काचेची इमारत वर येत होती आणि आम्ही चार्टर्ड बसमधून अर्धं शहर ओलांडून तिथं पोचायचो. पगार वाढला. बाबांना आणि आईला घेऊन मी तिकडेच एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. आधी कंपनी, मागून घर, असं तेव्हा पुष्कळांचं झालं.

त्या घरातली एक सकाळ. गॅसवर दूध उतू गेलं आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "गॅस कुणी पेटवला?"

मी खोलीतून म्हणाले, "बाबांनी पेटवला."

बाबांना कमी ऐकू यायचं. ते पेपरमधून मान वर करून म्हणाले, "मी? मी काय पेटवलं?"

मी केस विंचरत होते. कंगवा तसाच हातात राहिला.

गॅस पेटवला. स्टोव्ह पेटवला. मला पेटवलं. "ष्टो", असं म्हणून ती थांबली होती. त्यानंतर तिच्या तोंडून "ह्यांनी पेटवला" आलं असेल, तर तिनं एवढंच सांगितलं होतं की नवऱ्यानं स्टोव्ह पेटवला. "पेटवलं" आलं असेल, तर त्यानं तिला पेटवलं. सुजलेल्या ओठांतून आलेला तो शेवटचा आवाज कोणता होता? मी हिंदीत "जलाया" म्हटलं आणि हिंदीत दोन्हीचं एकच होतं. तिनं मान हलवली ती होकाराची होती की वेदनेची, हे तेव्हाही मला कळलं नव्हतं. तिला विचारताना मीच "पेटवलं" हा शब्द तिच्यापुढे ठेवला होता.

आईला मी सगळं सांगितलं. तिनं ओटा पुसून घेतला. मग म्हणाली, "तुला काय ऐकू आलं होतं? खरं सांग."

"पेटवलं."

"मग?"

"आई, तेव्हा मी शेवटाकडे लक्षच दिलं नव्हतं. तिची अवस्था बघून मला दुसरं काही सुचलंच नसतं."

आई म्हणाली, "आता हे जाऊन सांगशील, आणि तो खरंच गुन्हेगार असला तर?"

कितीतरी दिवस मी त्या प्रश्नाच्या आड बसून राहिले. दिल्लीत जाताना बस कँटोन्मेंटच्या बाजूनं जायची तेव्हा मी दुसरीकडे बघायचे. शेवटी एका शनिवारी हायकोर्टात गेले आणि त्याचं अपील कोण चालवतंय याची चौकशी केली. कायदेविषयक मदतीतून त्याला एक वकीलबाई मिळाल्या होत्या. पंजाबी, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि फाईल मिटली.

"अपीलमध्ये नवीन साक्ष सहसा घेत नाहीत," त्या हिंदीत म्हणाल्या. "खालच्या कोर्टाचे कागद वाचतात, झालं. पण घेण्याचा अधिकार त्यांना आहे. तुम्ही प्रतिज्ञापत्र कराल? विचार करा हं. तुम्हाला ते खोटारडी म्हणतील."

मी केलं.

मरणाच्या दारात असलेलं माणूस खोटं बोलत नाही असं कायदा धरून चालतो. म्हणून त्या माणसाला शपथ नसते, उलटतपासणी नसते, आणि तरी त्याच्या एकट्याच्या शब्दावर दुसऱ्याला जन्मभर आत ठेवता येतं. पण तो शब्दच कागदावर नसेल, मध्येच एखादीनं तो उचलून दुसऱ्या भाषेत ठेवला असेल, तर कोर्टापुढे बोलतं आहे ते कोण? वकीलबाईंनी दोन न्यायमूर्तींसमोर हा प्रश्न मांडला, आणि त्यांनी मला बोलावलं.

थोरल्या न्यायमूर्तींनी विचारलं, "दोनों बोलकर बताइए."

मी म्हणाले, "पेटवला. पेटवलं."

"फिर से."

मी पुन्हा म्हणाले. त्यांनी शेजारच्या न्यायमूर्तींकडे बघितलं. "हमें तो एक ही सुनाई दिया."

सरकारी वकील उठले. खालच्या कोर्टात तुम्ही शपथेवर सांगितलंत ते खोटं होतं का? मी म्हणाले, मला शब्द विचारले नव्हते. ते म्हणाले, पण 'इनको जलाया?' असं विचारल्यावर तुम्ही 'हां' म्हणालात. मी म्हणाले, हो, तसं म्हणाले होते. मग त्यांनी विचारलं, तुम्ही दिल्लीत वाढलात, ती खेड्यातली, तिची बोली तुम्हाला कितपत कळते? खरं तर हा खालच्या कोर्टात बचाव पक्षानं विचारायचा प्रश्न होता. मी म्हणाले, पुरेशी नाही. हे बोलताना मला जेवढी लाज वाटली तेवढी बाकी कशाचीच वाटली नाही.

बाहेर व्हरांड्यात एक नऊवारीतली म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. वकीलबाई हळूच म्हणाल्या, गेलेल्या मुलीची आई आहे. मला तिला टाळून जाता आलं असतं, पण तिनंच हाक मारली.

"तुम्हीच व्हता न्हवं का तिच्यापाशी?"

"हो, मावशी."

"लई दुखत व्हतं का वो तिला?"

मी तिच्याजवळ खाली बसले. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, एवढं सांगितलं. आपल्या पोरीची चौकशी केली होती तिनं, हेही सांगितलं. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "माझी लेक काय बोलली ते जगात तुमास्नी एकलीलाच ठावं. आन् आता तुमीबी म्हनता ठावं न्हाई. मंग मी कुनाला इचारायचं?"

त्या बोलण्यात राग असता तर मी तो घेतला असता. ती खरंच विचारत होती.

निकाल पुढे लागला. संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं. वकीलबाईंनी निकालाची प्रत वाचायला दिली. त्यात तो निर्दोष आहे असं कुठंही म्हटलेलं नव्हतं. तिच्या शब्दांबद्दल खात्री देता येत नाही आणि दुसरा पुरावा पुरेसा नाही, एवढंच होतं. कोर्टाला तेवढ्यावर थांबता येतं.

काही आठवड्यांनी रविवारी बेल वाजली. गेटवरच्या गार्डनं इंटरकॉमवर काहीतरी पुटपुटलं होतं, ते मला नीट कळलं नव्हतं. दारात तो उभा होता. केस पांढरे झालेले, शर्ट इस्त्रीचा, हातात पेढ्यांचा पुडा. वकीलबाईंच्या क्लार्ककडून त्यानं पत्ता मिळवला होता. आईनं त्याला बसायला सांगितलं आणि पाणी आणलं. तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला.

"ताई, तुमच्यामुळं सुटलो."

मला तो पुडा हातात घेववत नव्हता. मी विचारलंच, "त्या दिवशी काय झालं होतं?"

"मीच पेटवला ष्टो," तो म्हणाला. "च्या टाकायला. पंप मारला आन् भडका उडाला. ती म्होरंच बसल्याली. घोंगडं टाकलं म्या तिच्यावर, पर…" त्यानं हात पुढे केले.

तो अगदी सहज बोलत होता. इतक्या वर्षांत हे शंभरदा सांगून झालेल्या माणसासारखं, किंवा खरं बोलणाऱ्या माणसासारखं. त्याचा चेहरा बघून मला काही कळेल अशी मी आशा धरली होती. काही कळलं नाही.

मग तो मुद्द्यावर आला. मुलगी आजीकडे होती. आजी त्याला उंबऱ्यात पाऊल टाकू देत नव्हती. "तुमी एक डाव गावाकडं चला, ताई. न्हाईतर फोनवर बोला. ह्यानं काय केलं न्हाई, एवढंच म्हना. तुमचं ऐकतील त्या."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मी म्हणाले, "दादा, मला तेवढं सांगता येणार नाही."

"कोर्टात सांगितलं की तुमी."

"कोर्टात मी एवढंच सांगितलं की मला माहीत नाही. तिच्या आईला तेच सांगितलं. दुसरं काही सांगितलं तर ते माझ्या मनचं होईल."

त्यानं वाद घातला नाही. पाण्याचा पेला टेबलावर ठेवला, आईला नमस्कार केला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरून गेला. बाल्कनीतून मला तो गेटकडे चालताना दिसला. गार्डनं रजिस्टर पुढे केलं आणि तो वाकून सही करत राहिला.

नंतर आजीशी बोलावं म्हणून मी त्या गावच्या सरपंचांचा फोन नंबर मिळवला; आजीचे फोन त्यांच्याच घरी यायचे. एकदा लावलाही. एका मुलीनं उचलला आणि "कोण पाहिजे?" असं विचारलं. मी फोन ठेवला. ती त्या बाईची मुलगी होती की सरपंचांच्या घरातली दुसरी कोणी, हे विचारायचं धैर्य मला आजवर झालेलं नाही.