नातीच्या पाठीवर हात

वडवणीकडून आलेल्या त्या आजीने पहिल्याच दिवशी माझं मनगट धरलं, आणि ते काही नाडी बघायला नव्हे.

तिची सहा वर्षांची नात धापा टाकत होती. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळसर पडले होते. पोरीला सिस्टिक फायब्रोसिस. डॉक्टर एवढं नाव सांगून मोकळे झाले होते. समजावणं नेहमीसारखं आम्हा नर्सांच्या वाट्याला. मी आजीला सांगितलं, हिच्या छातीतला कफ डिंकासारखा चिकट होतो, आपोआप सुटत नाही. ऑक्सिजन लावला, औषधाची वाफ दिली, पोरीला उशीवर पुढे झुकवून बसवलं आणि हाताची वाटी करून पाठीवर थापट्या मारू लागले. तेवढ्यात मनगट पकडलं गेलं.

"जीव चाललेल्या लेकराला मारतीस कावून?"

मला राग पटकन येतो. म्हणाले, आजी, हात सोडा, नाहीतर तुम्हालाही इथेच खाट देते. तिने सोडला. थोड्या वेळाने पोरीने खोकून हिरवट गोळा टाकला आणि बोटाच्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा वर सरकला. मी अशी छाती फुगवून फिरले की जणू मशीन माझ्या बापाचंच.

आठवड्याने पोरगी सावरली. घरी रोज दोनदा अशाच थापट्या द्यायच्या होत्या. आईबाप ऊसतोडीला गेलेले, म्हणजे देणार आजीच. आणि ती पाठीला हात लावायला तयार होईना. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, मागच्या आजारात तिने देवीला नवस बोलला होता: पोर वाचली तर जन्मभर तिच्यावर हात उगारणार नाही. नारळ, खण, पाच शुक्रवार एवढं सगळं सोडून बाईला नेमकं हेच सुचलं. मी म्हणाले, देवीशी मी बोलते, बाईमाणूस आहे, ऐकेल. आजी हसली नाही. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. कफ साचला की पोर पुन्हा येणार, आणि दरवेळी वेळेत पोचेलच असं नाही.

निघायच्या सकाळी पोरीच्या छातीत कफ अडकला. मी उठेपर्यंत आजी तिच्या मागे जाऊन बसली होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आई, नवस म्या मोडते. काय घ्यायचं ते माझं घे, हिचं न्हाई."

पहिली थापटी फारच हळू पडली. दुसरी बरोबर बसली.