दहावा माणूस

आमच्या शहरातल्या जुन्या थिएटरचे पत्रे काल उतरवत होते. तिथले डोअरकीपर शंकरराव समोरच्या फुटपाथवर उभे होते. पत्र्यांकडे पाठ, नजर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. सवयच ती. इतर कुठे न लागणारे सिनेमे तिथे लागायचे, पण दहा माणसं जमल्याशिवाय शो सुरू होत नसे. म्हणून शंकरराव फाटकात येऊन ओळखीच्यांना हाका मारायचे.

मलाही मारायचे. "अहो सर, एकच माणूस कमी पडतोय. नुसते बसा, झोप काढा हवं तर!" मी हसून म्हणायचो, "पुढच्या आठवड्यात नक्की." आणि घरी जाऊन मोबाइलवर सिनेमा बघायचो.

थिएटर बंद होणार असं कानावर आलं तेव्हा मी पेपरात पत्र लिहिलं. हे थिएटर म्हणजे शहराचा आत्मा, वगैरे. लोकांनी कौतुक केलं. आत पाऊल टाकून मला अकरा वर्षं झाली होती, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. संस्कृतीची काळजी वाहणारे आम्ही पुष्कळ होतो. खुर्चीत बसायला कुणी नव्हतं.

काल धीर करून शंकररावांना हे सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुमचं पत्र आम्ही बुकिंगच्या काचेवर चिकटवलं होतं, सर," ते म्हणाले. "दुपारच्या शोला आलेल्या नऊ जणांनी उभं राहून वाचलं. चांगलं लिहिलंय म्हणाले. मग त्यांना घरी पाठवलं."