कॉम्प्युटरवर उगवलेला संकष्टीचा चंद्र

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत अकरा बायकांची संकष्टी मी एका संध्याकाळी मोडली, आणि तीसुद्धा खुर्चीवरून न उठता.

मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त कारकून. तीस वर्षं जावक नोंदवही लिहिली, एक ओळ खाडाखोड नाही. मग बायको गेली, आणि घरात आवाज करणारे आम्ही तिघेच उरलो. मी, भिंतीवरचं घड्याळ आणि कुकर. (त्यात कुकरची शिट्टी बिघडलेली.) बंगळूरच्या लेकीला माझी काळजी. "बाबा, मन कशात तरी रमवा," म्हणून तिनं एक दुर्बीण धाडली, दुर्बिणीला लावायचा कॅमेरा धाडला, वर स्वतःचा जुना कॉम्प्युटरही धाडला. एवढ्या सामानाऐवजी स्वतः आली असती तर भाडं कमी पडलं असतं, पण ते असो!

दुर्बीण गच्चीवर, कॉम्प्युटर गच्चीलगतच्या खोलीत, आणि खिडकीतून आत आलेली कॅमेऱ्याची वायर, असा थाट जमला. फोटो बघायचं सॉफ्टवेअर मोठं समजूतदार होतं. कॅमेरा जोडलेला असला की ते समोरचं आकाश दाखवायचं. वायर निघाली की गप्प बसायचं नाही, शेवटचा जपून ठेवलेला फोटो उघडायचं. हे लेकीनं फोनवर दोनदा समजावलं. मी दोन्ही वेळा "हो हो, कळलं" म्हटलं. खरं सांगतो, शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं. तिनं फोन इतक्यात ठेवू नये एवढंच डोक्यात होतं.

पहिला फोटो काढला तो गणेशचतुर्थीला. त्या दिवशी चंद्र बघितला की चोरीचा खोटा आळ येतो म्हणून बायको दरवर्षी दिवेलागणीला पश्चिमेची खिडकी लावून घ्यायची, आणि मी तिला हसायचो. यंदा एकट्याला नैवेद्य झेपायचा नाही म्हणून घरचा गणपती धाकट्या भावाकडे जयसिंगपूरला गेलेला. मी खिडकी उघडी ठेवली. कुणी ओरडेल म्हणून जरा वेळ थांबलोही. कुणी ओरडलं नाही. मग चंद्राची बारीक कोर टिपली, फोटोला 'गणेशचतुर्थी' असं नाव दिलं आणि सकाळची आमटी गरम न करताच जेवलो.

त्यानंतर पंधरवड्यानं संकष्टी आली. आभाळ गच्च भरलेलं, चंद्राचा पत्ता नाही. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ टळली की बाकीच्या गल्ल्यांतल्या बायका ताटावर बसायच्या, पण समोरच्या अक्का तशा नव्हेत, आणि आमच्या गल्लीत अक्कांच्या आधी कुणी जेवायचं नाही. माहेर गडहिंग्लजचं, स्वभाव दगडी. डोळ्यानं चंद्र बघितल्याशिवाय घास नाही! बायको गेल्यापासून दर गुरुवारी माझ्या घरी भाकरी-पिठलं येतं ते ह्याच अक्कांकडून. त्या साडेआठला दारात उभ्या राहिल्या. "काका, तुमच्या त्या दुर्बिणीतनं दिसतोय काय बघा की चंद्र. पोटात कावळं वरडाय लागल्यात."

माझ्या दारात कुणीतरी काहीतरी मागायला आलं होतं. मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढलो (वय एकसष्ट), कॉम्प्युटर चालू केला, माऊसनं टिचकी मारली, आणि काय सांगू, पडद्यावर चंद्र! बारीक होता, पण होता. अक्कांनी हात जोडले. मी रुबाबात सांगितलं की ढगाआडून एवढाच भाग दिसतोय, बाकीचा झाकलाय. माझा स्वतःचाही त्यावर पूर्ण विश्वास होता, हे इथं नमूद करतो.

अक्का खाली गेल्या त्या गल्लीभर सांगत गेल्या. दहा मिनिटांत खोलीत पाय ठेवायला जागा नाही! कुणी पडद्याला हळदकुंकू वाहिलं, कुणी अर्घ्याचं पाणी कीबोर्डवर सोडणार तेवढ्यात मी ताम्हन पुढं केलं. एक बॅच दर्शन घेऊन जेवायला गेली की दुसरी वर. अक्का स्वतःचं जेवण ठेवून गर्दी आवरायला परत आल्या. खाली माझ्या स्वयंपाकघरात कुणीतरी हक्कानं चहा टाकला, साखर कुठं आहे म्हणून वर हाक मारली. दीड वर्षात त्या घरात बांगड्या वाजल्या नव्हत्या.

आणि तेव्हाच माझी नजर खिडकीबाहेर गेली. गच्चीवर दुर्बीण माझ्याच रेनकोटात गुंडाळलेली, आणि कॅमेऱ्याची वायर कठड्यावर मोकळी लोंबतेय. दुपारी भुरभुर आली तेव्हा मीच ती उपसून ठेवली होती!

आता सांगावं की नाही? खालून चहाचा वास येत होता. मी खुर्ची हळूच सरकवून खिडकी पाठीमागं घेतली आणि पुढच्या बॅचला म्हटलं, "या, या, सावकाश बघा."

नवाच्या सुमाराला ढग फाटले. माझ्या डोक्यावरून, खिडकीतून, पूर्वेला भाकरीएवढा चंद्र वर आला. पडद्यावर कोर, खिडकीत भाकरी! अक्का एकदा इकडं बघतात, एकदा तिकडं. त्यांची सून नंदा झेरॉक्सच्या दुकानात काम करते. तिनं पुढं वाकून फोटोखालचं नाव खणखणीत वाचलं, "गणेशचतुर्थी."

उपास मोडलाच होता, वर जो चंद्र चुकूनही बघायचा नाही तो मी हळदकुंकवासकट दाखवला होता.

"काका," कठड्यावरच्या मोकळ्या वायरीकडे बघत अक्का शांतपणे म्हणाल्या, "वायर निघालेली तुमाला दिसली न्हवती?"

"दिसली होती."

"मग बोलला का न्हाईसा?"

"चहा व्हायचा होता अजून," मी म्हणालो.

त्या जिना उतरून गेल्या. मागोमाग सगळ्याच. चहा मी एकट्यानं प्यालो, तीन कप.

पुढचा आठवडाभर गल्लीत जे जे हरवलं त्याचं खापर माझ्यावर. कुणाची वाटी सापडेना, नि जावेनं जावेवर आळ घेतला. नंदाच्या दुकानात कागदाचा गठ्ठा कमी भरला. रोज कुणीतरी भांडायला यायचं आणि मी त्यांना बसायला खुर्ची द्यायचो. दुर्दैवानं वाटी सापडली, गठ्ठाही सापडला, आणि येणं-जाणं बंद पडलं. गुरुवारी भाकरी आली नाही. पुढच्याही गुरुवारी नाही. मी सात वाजता दाराची कडी काढून ठेवायचो, नवाला लावायचो.

रविवारी लेकीचा फोन आला. सगळं ऐकून ती पोट धरधरून हसली. मग म्हणाली, "पण बाबा, तो चंद्र सगळ्यांत आधी तुम्हीच बघितला होता. तुमच्यावर नाही का आला आळ?"

"आला की. घरात माणसं बसून राहावीत म्हणून मी जाणूनबुजून खोटा चंद्र दाखवला, असं गल्लीभर बोलतात."

"मग आईचं खरंच झालं की!"

"नाही ना गं," मी म्हटलं. "तिचा आळ खोटा असायचा."