जाली खाली रखना

माझ्या बाबांना हिंदी येत नसे, आणि ती आपल्याला उत्तम येते असा त्यांचा ठाम समज होता. केंद्र सरकारच्या एका कचेरीत नकाशे काढण्यात त्यांची पंचवीस वर्षं दिल्लीत गेली. तरी घराबाहेर पडलं की ते मराठीच बोलत, फक्त शेवटी 'है' जोडत. मी शिकले पहाडगंजच्या मराठी शाळेत, पण गल्लीतली भांडणं हिंदीत करून वाढले. बाजारात जाताना मी त्यांच्या चार पावलं मागे चालायची.

नव्वदीच्या दशकात सरकारी क्वार्टर सोडून आम्ही द्वारकेतल्या एका सोसायटीत राहायला आलो. सोडतीत तळमजला निघाला होता. मेट्रो तेव्हा कागदावरच होती. आमच्या गेटपाशी रस्त्याला असा काही उतार होता, की निम्म्या सेक्टरचं पावसाचं पाणी आमच्या दारात हजेरी लावूनच पुढे जाई. त्यातून नव्या जमान्याचा सगळा माल वाहत येई: वेफर्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्या, घरोघरी येणाऱ्या नव्या टीव्हींच्या खोक्यांतला थर्माकोल. त्यातला थोडा थर्माकोल आमच्याही टीव्हीचा होता, हे कबूल करते. हे सगळं गेटजवळच्या पावसाळी नाल्याच्या तोंडात अडकायचं आणि पाणी उलटं फिरायचं.

दुसऱ्या वर्षी ते घरात शिरलं. कपाटाच्या तळाच्या फळीवर आईचे अल्बम होते, तिचं सगळं माहेर त्यात होतं. आईने फोटो एकेक सुटा करून दोरीवर वाळत घातला. तिच्या वडिलांचा होता तो एकुलता एक फोटो कडेने विरघळला, चेहरा तेवढा वाचला. वाळलेले अल्बम तिने माळ्यावर चढवले, ती फळी मोकळी ठेवली आणि बाबांना शांतपणे सांगितलं, की पाणी पुन्हा आत आलं तर ती अल्बम घेऊन नाशिकला भावाकडे जाईल, आणि परत यायचं की नाही ते तिथे बसून ठरवेल. आई उगाच धमक्या देणाऱ्यांतली नव्हती. मी भयंकर घाबरले.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी टेबलावर कागद पसरला. लोखंडी जाळीची एक खोल टोपली करायची, ती नाल्याच्या तोंडात आत अडकवायची. पाणी खाली निघून जाईल, कचरा टोपलीत राहील, आणि दर रविवारी ते स्वतः ती रिकामी करतील. आईने विचारलं, सोमवारीच भरली तर? त्यावर बाबांनी प्रत्येक मजल्यावर, रस्त्यावर कचरा टाकू नका असं एक विनंतीपत्रक चिकटवलं. त्यातली हिंदी माझ्याकडून तपासून घेतली नाही, हे सांगायला नकोच.

टोपली बसली, पण वेगळीच अडचण निघाली. रस्ता झाडायला येणारी बाई, आईच्याच वयाची, झाडलेला कचरा सरळ नाल्यात ढकलता यावा म्हणून टोपली उचलून कडेला ठेवी आणि तशीच निघून जाई. बाबा तिच्याशी बोलायला गेले. मी नेहमीप्रमाणे मागे होतेच.

"देखो बहनजी," बाबा म्हणाले, "जाली खाली रखना. हमेशा."

तिने मान डोलावली. माझ्या कानाला त्यात काहीच खटकलं नाही, कारण बाबांची हिंदी मी घरच्या कानाने ऐकत असे. त्या दिवसापासून टोपली जागेवर राहू लागली.

रविवारी हातमोजे चढवून बाबा जात आणि पाचच मिनिटांत परत येत. टोपलीत कडुनिंबाची चार पानं, एखादी विडी, बस. पत्रकाने लोक सुधारले, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि भेटेल त्याला तो ऐकवला. पुढचे दोन पावसाळे पाणी गेटपाशी यायचं, गोल फिरायचं आणि खाली उतरायचं. उंबरठ्याला ते शिवलं नाही. आईचे अल्बम मात्र माळ्यावरच होते.

मग पालिकेचे एक इंजिनिअर टोपली बघायला आले. सेक्टरमधल्या बाकीच्या नाल्यांनाही अशाच टोपल्या लावायचा त्यांचा विचार होता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, नकाशाची गुंडाळी उलगडून उभे राहिले आणि लोकजागृतीवर बोलू लागले. इंजिनिअरनी मध्येच विचारलं, टोपली रिकामी कधी करता? बाबा म्हणाले, रविवारी.

झाडणारी बाई तिथेच होती. "रोज़, साहब," ती म्हणाली. "सुबह भी, बारिश के बाद भी. बाबूजी ने ही तो कहा था, जाली खाली रखना."

मला हसू फुटलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी हळूच म्हटलं, "बाबा, हिंदीत खाली म्हणजे रिकामी."

त्यांचा चेहरा उतरला. नकाशातली एक रेघ चुकली असं कोणी म्हटलं तरी आठवडाभर अबोला धरणारा हा माणूस. आता तर गप्प बसले असते तरी भागलं असतं, श्रेय तिने आपण होऊनच देऊन टाकलं होतं. त्यांनी नकाशा गुंडाळला आणि इंजिनिअरना सांगितलं, "मेरी हिंदी गलत है. काम इनका है. इनसे पूछिए."

ती सांगत गेली आणि इंजिनिअर लिहून घेत गेले. पुढे सेक्टरभर टोपल्या लागल्या, आणि त्या रोज रिकाम्या करायची पाळीही लागली. बाबांचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. घरी परतताना मी त्यांच्या बरोबरीने चालले.

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग स्टूल घेऊन माळ्यावरून अल्बम उतरवले आणि तळाची फळी पुसू लागली.

"अहो," ती म्हणाली, "अल्बम खाली ठेवते."

बाबांनी विचारलं, "कुठल्या भाषेत?"

"मराठीत," आई म्हणाली.